वर्षभर आत्मचरित्रं कपाटात ठेवा. बायकांच्या कादंबऱ्या आणि कविता काढा

कातळसडा

कोकणातल्या कुठल्याही गावच्या वाचनालयात जाऊन 'बायकांनी लिहिलेलं काहीतरी चांगलं द्या' म्हटलं की टेबलावर बहुतेक तीच पुस्तकं येतात. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी', फार तर ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. तिन्ही उत्तम, पण तिन्ही आत्मकथनं. मग वाचकगटात बोलणं काय होतं? कवी ना. वा. टिळकांनी लक्ष्मीबाईंना किती त्रास दिला, पु. ल. घरात कसे होते. लिहिलंय कसं, यावर अर्धं वाक्य नाही. पेंडशांच्या कादंबरीवर बोलताना मात्र याच गटाला निवेदन, रचना, व्यक्तिरेखा सगळं आठवतं.

म्हणून माझं म्हणणं, एक वर्ष आत्मकथन बंद. फक्त कादंबरी आणि कविता.

सुरुवात विभावरी शिरूरकरांच्या 'बळी'ने (१९५०) करा. 'हिंदोळ्यावर' (१९३४) आधी घेऊ नका. नवऱ्याने टाकलेली बाई लग्नाबाहेर संसार मांडू पाहते म्हटल्यावर बैठकीत तिने बरोबर केलं की चूक यावर नुसतं मतदान होतं. 'बळी'त ती सोय नाही. तारेच्या कुंपणात कोंडलेली, कायद्यानेच गुन्हेगार ठरवलेली जमात. मालतीबाई बेडेकरांनी, म्हणजे शिरूरकरांनीच, सोलापूरच्या अशा वसाहतीत नोकरी केली होती, आणि तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, कादंबरीनंतर. स्वतःच्या नसलेल्या जगात लेखिका शिरते कशी, हे इथे बघावंच लागतं.

मग शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर'. लेखिकेचा जन्म डहाणूचा, कादंबरी मुंबईची. मग गौरी देशपांडे, पण 'थांग' किंवा 'उत्खनन' आधी नको. 'एकेक पान गळावया' (१९८०) घ्या. आत तीन दीर्घकथा आहेत, एकेक एका बैठकीत होते. मग कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) आणि शेवटी मेघना पेठे यांची 'नातिचरामि'. ग्रामपंचायतीतल्या बायकांवरच्या 'ब्र'मध्ये संस्था, बैठका, प्रशिक्षणं यांचा तपशील दाट आहे आणि लोक तिथेच पुस्तक सोडतात. गटात ग्रामपंचायतीची एखादी आजी-माजी सदस्य असेल तर तिलाच बोलतं करा. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीतल्या महिला आरक्षणाने मिळालेली खुर्ची आणि त्या खुर्चीमागे उभा असलेला नवरा, दोन्ही तिला ठाऊक असतात.

प्रत्येक दोन कादंबऱ्यांमध्ये एक कवितासंग्रह. त्यावर नंतर लिहितो.

सुरंगी

तुमचा नियम दिसायला साहित्यप्रकाराचा आहे, कापतो मात्र जात. दलित बायकांचं गद्य मराठीत मुख्यतः आलं कुठल्या रूपात? बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा', ऊर्मिला पवार यांचं 'आयदान'. आत्मकथन बंद म्हटलंत की ही सगळी नावं एका फटक्यात गेली. उरल्या कोण, बघा जरा.

आणि तेही रत्नागिरीत बसून! 'आयदान' (२००३) उघडतं तेच गावच्या बायका डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढून-उतरून रत्नागिरीच्या बाजाराला निघतात तिथे. चढण, घाम, आपसातली टिंगल, सगळं चालत्या पावलांच्या लयीत येतं. ही रचना नव्हे तर काय? पवारबाईंनी आईचं बांबूचं विणकाम आणि स्वतःचं लिहिणं एकमेकांशेजारी ठेवलंय आणि पुस्तकही तसंच आडवं-उभं विणलंय. तुमच्या गटाला ते दिसत नसेल तर दोष गटाच्या वाचण्याचा आहे. पुस्तकाला शिक्षा कशाला?

माडाखाल

माका ह्या पटणा नाय. कोकणातल्या गटान 'आयदान' बाजूक ठेवूचा आणि 'थांग' वाचूचा? बरां असा!

कातळसडा

माडाखाल, 'थांग' आधी नको असंच तर लिहिलंय वर.

सुरंगीताई, मुद्दा जोरदार आहे, पण ऊर्मिला पवार मी सोडलेल्या नाहीत. त्यांच्या कथा घ्या. 'कवच' तर आपल्या कोकणातल्या बाजारातलीच. आंबे विकणारी आई, तिचा शाळकरी मुलगा आणि गिऱ्हाइकांचं दुहेरी अर्थाचं बोलणं. त्या बोलण्याला बाई कशी पुरून उरते आणि मुलगा ते कसं ऐकतो, हे थोडक्या पानांत. दलित कवयित्रींमध्ये हिरा बनसोडे यांचा 'फिर्याद' आहे, प्रज्ञा दया पवार यांचे संग्रह आहेत. त्या आपल्या याद्यांत का येत नाहीत? कारण एक आत्मकथन घेतलं की 'दलित स्त्री' हा रकाना भरला असं गटाला वाटतं. नियम त्या सवयीवर आहे.

मल्लिका अमर शेख यांचंच बघा. 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन सगळ्यांना ठाऊक, कारण त्यात नवरा, कवी नामदेव ढसाळ आहेत. त्याच्या आधीचा कवितासंग्रह 'वाळूचा प्रियकर' (१९७९) किती वाचनालयांच्या नोंदवहीत सापडेल?

वाशिष्ठीकाठ

दुखणं तुम्ही बरोबर ओळखलंत, औषध मात्र लागू पडणार नाही. ज्यांना चरित्रच वाचायचंय ते कादंबरीतही तेच वाचतात. गौरी देशपांडे घेतल्यावर दहा मिनिटांत त्यांची आई इरावतीबाई, आजोबा महर्षी कर्वे, त्या राहायच्या ते फलटणजवळचं विंचुर्णी येणार. नायिका परदेशात असली की 'हे त्यांचंच हो' म्हणणार. त्यातून खरा प्रश्न निसटतो : या नायिकांना पैशाची, घराची, नोकरीची अडचण जवळजवळ नसते, मग त्यांचं स्वातंत्र्य कितपत तपासलं जातं? मला ती उणीव वाटते. काहींना ती मुद्दाम केलेली मांडणी वाटते, की बाकी सगळं मिळालं तरी काय उरतं ते बघायचं. यावर भांडा की, दोन तास पुरणार नाहीत.

कवितेत तर रोग आणखी जुना. इंदिरा संतांची कुठलीही कविता घ्या, कुणीतरी म्हणणारच, 'पती लवकर गेले ना.' ना. मा. संत १९४६ मध्ये गेले, हे खरं. पण 'गर्भरेशीम' १९८२ चा आहे, मध्ये छत्तीस वर्षं आहेत. तेवढ्या काळात कवयित्री एकाच जागी रडत बसली होती असं आपण धरून चालतो. उपाय साधा आहे. 'मेंदी'तल्या (१९५५) चार आणि 'गर्भरेशीम'मधल्या चार कविता वेगळ्या कागदांवर उतरवा, साल-संग्रह लिहू नका, पानं पिसा आणि वाचायला द्या. कुठली आधीची, कुठली नंतरची, ते ओळखायला सांगा. उत्तर चुकलं तरी चालेल, पण ओळखण्यासाठी माणूस ओळींची लांबी, यमक, प्रतिमा बघायला लागतो आणि नवरा आपोआप मागे पडतो.

तर आत्मकथनं बंद करू नका, ओळख करून देणं बंद करा. पहिला अर्धा तास लेखिकेबद्दल एक अक्षर नाही.

सुरंगी

हे मान्य. 'आयदान'लाही हाच नियम लावा, नाव झाकून पहिली दहा पानं मोठ्याने वाचा.

बंदरवाट

कवितेच्या बैठकीबद्दल. एका वेळी आठच्या वर कविता नकोत. बाराव्या कवितेला सगळे नुसते 'छान' म्हणतात. प्रत्येक कविता दोनदा वाचायची, दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात, शक्यतो वेगळ्या वयाच्या. दुसरं वाचन होईपर्यंत अर्थ सांगायला मनाई. गटात निवृत्त शिक्षक असतील तर त्यांना हे आधी बजावून ठेवा.

बहिणाबाईंची वाट आपल्याकडे हमखास लागते, ती त्यांना पुस्तकी मराठीत सरळ करत वाचल्यामुळे. छापलंय तस्संच वाचा. ती खानदेशची लेवा बोली आहे, ओवीचं वजन त्या आखूड उच्चारांवर उभं आहे. शब्द अडला तर अडू दे, लय मोडू नका. अर्थ मागाहून विचारता येतो.

अनुराधा पाटलांच्या 'कदाचित अजूनही'ला (साहित्य अकादमी, २०१९) उलट पद्धत. ती कविता मोठ्याने वाचली की हळू आवाजातलं बरंच वाया जातं. आधी प्रत्येकाने मनात वाचायची, मग एकाने, सपाट आवाजात.

आणि शांता शेळके यादीत नाहीत? दर्याकाठच्या गटात? कोळीगीतं गाऊनच सुरुवात करा की, माणसं जमतील.

हर्णैचा वारा

गाणी गाऊन माणसं जमतील, कविता वाचली जाणार नाही. 'मी डोलकर' शांताबाईंचंच, पण शांताबाई घाटावरच्या, इंदापूरच्या. त्या गाण्यांत गीतकाराची कमाल आहे, कोळणीचा आवाज शोधू नका. बंदरावर लिलावाला बसणारी बाई तसं बोलत नाही. शांताबाई वाचायच्या तर 'गोंदण' घ्या.

आता वेळापत्रक, कारण गट मोडतात ते इथे. मोठी कादंबरी जून-जुलैत ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, होड्या वर ओढलेल्या, संध्याकाळ मोकळी. 'ब्र' तेव्हाच होईल.

माडाखाल

तुमची होडी वर, आमचो पाय चिखलात. जुलैत लावणी. तेव्हा संध्याकाळी कंबर सरळ होत नाय, 'ब्र' खय वाचतलास?

कातळसडा

दोघांचंही खरं. बंदरावरच्या गटाने 'ब्र' जूनमध्ये काढावी, शेतीच्या गावाने लावणी उरकल्यावर श्रावणात. गणपतीच्या महिन्यात काहीच ठेवू नये, मुंबईकर आले की बैठक होत नाही. एप्रिल-मे आंब्याचे, तेव्हा फक्त कविता. पेट्या भरता भरता आठ कविता होतात, कादंबरी होत नाही. बाकीची मोठी गद्य पुस्तकं दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत.

प्रतींचंही बघा. आठ जणांत एक प्रत असेल तर महिन्यात कादंबरी फिरत नाही, तिसऱ्याकडे अडकते. निदान तीन हव्यात. 'एकेक पान गळावया'ला दोन चालतात, कारण एक दीर्घकथा झाली की पुस्तक पुढे देता येतं.

वाशिष्ठीकाठ

पावसात फिरणाऱ्या प्रतींना प्लास्टिकची बंद पिशवी नको, आत दमट हवा कोंडते आणि आठवड्यात बुरशी येते. कापडी पिशवीत द्या, वरून प्लास्टिक, आणि घरी गेल्यावर ते काढायला सांगा. डाग दिसला तर ओलं फडकं लावू नका. वाऱ्यावर सुकवून मऊ ब्रशने घराबाहेर झाडा. कडक उन्हात टाकलं तर बांधणीचा गोंद तडकतो आणि पानं सुटतात. कवितासंग्रह पातळ असतात, तेच आधी जातात.

सुरंगी

यादी मग अशी लिहून घ्या : 'बळी', 'इंदिरा संतांच्या आठ', 'आयदान', 'वाळूचा प्रियकर', 'रीटा वेलिणकर', 'फिर्याद'. सहा महिने झाले. 'आयदान' तिसरं, आणि ते हलणार नाही.

कातळसडा

'आयदान'च्या बैठकीला 'कवच' जोडून वाचणार असाल तर हलवत नाही. त्याच बाईने बाजार दोनदा लिहिलाय, एकदा 'मी' म्हणून आणि एकदा 'ती' म्हणून. नाहीतर माझा विरोध कायम.