सरासरीत सगळीच सर्वेक्षणे घ्यायची का?

गिरगावकर: ‘निवडणुकीची सगळी सर्वेक्षणे सरासरीत घ्या, एकमेकांच्या चुका आपोआप फिटतात,’ असे काल येथे कोणीतरी ठासून लिहिले, म्हणून हा प्रपंच. चुका फिटतात त्या वेगवेगळ्या दिशांना असतील तरच. १ जून २०२४ च्या संध्याकाळी वाहिन्यांनी एक्झिट पोलची सरासरी काढून रालोआला साडेतीनशेच्या पार नेले आणि ४ जूनला गाडी २९३ वर थांबली. ३६१ ते ४०१ असा पल्ला देणाऱ्याचाही मध्यबिंदू काढून तो मुकाट्याने बेरजेत घातला जातो. नमुना कोठून आणला, हे कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील फाइव्हथर्टीएट हे सर्वेक्षणांची सरासरी काढणारे संकेतस्थळ पूर्वकामगिरी आणि पारदर्शकता पाहून सरासरीत कोणाला किती वजन द्यायचे ते ठरवीत असे व संस्थेचा नेहमीचा झुकाव हिशेबात धरीत असे. याला पक्षपात म्हणणे हास्यास्पद आहे.

पार्लेकर: वजन कमी करणे वेगळे आणि दाराबाहेर काढणे वेगळे. याच फाइव्हथर्टीएटने मार्च २०२४ मध्ये रासमुसेन या सर्वेक्षण संस्थेला वगळले. नोव्हेंबरात अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी फाइव्हथर्टीएटची सरासरी हॅरिस यांना किंचित पुढे दाखवीत होती. प्रत्यक्षात देशभरच्या मतांत ट्रम्प सुमारे दीड टक्क्याने पुढे राहिले. नावडतीचे मीठ अळणी, दुसरे काय?

गिरगावकर: निकष पाळले नाहीत म्हणून वगळले होते. आपण कारण न वाचताच निकाल देता.

लालबागचा शेजारी: निकषांच्या गप्पा पुरे. माझा भाचा विधानसभेच्या वेळी सर्वेक्षणाला जात असे. मालाडच्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमनने अडवले, तेव्हा सुपरवायझरच्या सांगण्यावरून समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्यांची उत्तरे त्याने ‘उच्च उत्पन्न गट’ म्हणून टॅबवर भरली. याला कोणते वजन देणार?

पार्लेकर: टॉवरवाले मतदानाला तरी कोठे उतरतात? टपरीवरचा नमुनाच खरा.

सहाव्या मजल्यावरून: लोकसभेला आम्ही सहकुटुंब रांगेत उभे होतो, तेही मे महिन्याच्या उन्हात. वायव्य मुंबईत वायकर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले. एका इमारतीतील मते इकडची तिकडे झाली असती तर निकाल फिरला असता. तेव्हा टॉवरवाल्यांना असे उडवून लावू नका. गेटवर अडवतात, कारण ओळखपत्रही न दाखवता माणसे आत शिरू पाहतात.

गिरगावकर: भाच्याची हकीकत माझ्याच बाजूची आहे. २०१० मध्ये रिसर्च २००० या अमेरिकन संस्थेच्या आकड्यांत असेच काहीतरी सापडले: पुरुष आणि स्त्रिया यांच्या टक्केवारीच्या ७७८ जोड्यांपैकी ७७६ मध्ये दोन्ही आकडे सम तरी होते किंवा दोन्ही विषम. असा योग निसर्गतः येत नाही. हेही सरासरीत घ्यावे, असे आपले म्हणणे आहे काय?

पार्लेकर: बनावट आकडे वगळा, आपल्या विद्वत्तेला एवढा मुजरा करतो. मात्र वगळण्याचा नियम प्रचार सुरू होण्यापूर्वी लेखी जाहीर करा आणि मग तो आपल्या लाडक्या संस्थेलाही लावा.

लालबागचा शेजारी: भाच्याला आत्ताच विचारले. भरलेल्या उत्तरांची फेरतपासणी करणारा फोन कोणालाही गेल्याचे त्याच्या ऐकिवात नाही.