वादळ दिसतं, पण सांगायचं कुणाला? मदत हवी आहे (नागपूर परिसर)

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, राहायला त्रिमूर्तीनगरला. मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत अवकाळी वादळांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरतो. कळमेश्वर, काटोल, उमरेड, कधी रामटेकपर्यंत. सहा वर्षं झाली. आता श्रावणात आभाळ सगळीकडून सारखंच भरलेलं असतं, मागे लागावं असं एकटं वादळ उभं राहत नाही. सीझनमध्ये धावपळीत बाजूला ठेवलेले प्रश्न मग डोक्यात घोळत राहतात.

आधी दोन छोटे प्रश्न. लेन्सला आतून बुरशी लागली आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेकडेने. गेल्या वर्षी एका दुकानात साफ करून घेतली होती, तरी पुन्हा आली. कपाटात तांदळाच्या डब्यात ठेवतो, हे चुकतंय का?

दुसरं रजेचं. यंदा 14 वेळा अर्धी रजा टाकून निघालो, वादळ हाती लागलं 4 वेळा. मे महिन्यात हवामानाच्या मॉडेलवर केपचा (हवेत वादळासाठी साठलेल्या ऊर्जेचा) आकडा 3000 च्या वर दिसतो, हवामान खात्याच्या पत्रकात विदर्भावरून जाणारी द्रोणीय रेषाही (कमी दाबाचा लांबट पट्टा) असते आणि संध्याकाळी सातपर्यंत उमरेड रोडला धुळीशिवाय काही नसतं. घरी बायको काही बोलत नाही, पण आई रात्री जेवण झाकून जागी बसते. निघायचं की नाही हे सकाळीच कसं ठरवता?

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते.

एप्रिलमध्ये एका दुपारी काटोलच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी लावून होतो. पश्चिमेकडे ढगाचा बुंधा काळानिळा झाला होता आणि खाली पांढरट पडदा सुटला होता. तो साधा पाऊस नसतो, एवढं आता डोळ्यांना कळतं. मोबाइलवर नागपूर रडारचं चित्र बघितलं, वादळाचा गाभा सरळ आमच्याकडे सरकत होता. बाजूच्या वावरात ताडपत्री अंथरून हरभरा पसरला होता. निंबाखाली दोन बाया आणि एक लहान पोरगं बसलं होतं. मी ओरडून त्यांना घराकडे पिटाळलं. हरभरा मात्र तसाच राहिला. वीसेक मिनिटांनी गारा आल्या, लिंबाएवढ्या. दहा मिनिटांत संपलंही सगळं.

मग संत्र्याच्या बागेतून मालक आले. आंबिया बहाराची बोराएवढी हिरवी फळं खाली सडा पडल्यासारखी, पानं चिरलेली. त्यांनी एक फळ उचलून माझ्या हातात दिलं, त्यावर गारेचा डाग होता. म्हणाले, "भाऊ, तुम्हाले हे आधीच दिसत होतं नं? मंग गावात एक फोन तरी करायचा होता." आवाजात राग नव्हता. माझ्याजवळ त्या गावातल्या एकाचाही नंबर नव्हता.

तेव्हापासून तो फोटो मी कुठे टाकलेला नाही. बाग वाचली नसतीच, पण हरभरा झाकता आला असता, गुरं सोडवून आणता आली असती. हवामान खात्याचा तीन तासांचा इशारा येतो, पण तो जिल्हाभराचा असतो. दामिनी अॅप 20 ते 40 किलोमीटरमधली वीज दाखवतं, पण वावरात मोबाइल काढून बघणार कोण? मला अमुक गावावर येतंय हे दिसत असतं. ते सांगावं कसं, कुणाला? मी काही हवामानशास्त्रज्ञ नाही. दोनदा चुकलो तर तिसऱ्यांदा कोण ऐकेल? कुणी असं काही केलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद 1

तांदूळ आजच काढा, त्याच्या भुकटीने त्रास वाढतो. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा 40 ते 50 टक्क्यांत राहू द्या. आतली बुरशी घरी खोलून काढू नका. लागलेली लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

रजेबद्दल: पहाटे 5:30 ला नागपूरहून हवामान खात्याचा फुगा वर जातो, त्याने मोजलेलं वरच्या हवेचं तापमान बघा. दीड-दोन किलोमीटरवर गरम हवेचा थर झाकणासारखा बसलेला असेल, तर केप कितीही असो, ढग वर फुटत नाही. दुपारचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते) यांतला फरक 125 ने गुणा, ढगाचा तळ साधारण किती मीटरवर राहील ते कळतं. 43 आणि 11 असेल तर 4000 मीटर. एवढ्या उंचीवरून पाऊस वाटेतच वाळतो, खाली नुसता वारा आणि धूळ येते. तुमचा उमरेड रोड तोच असावा.

प्रतिसाद 2

माझं माहेर नरखेडकडचं. दादा, "गारा येणार" असं सांगू नका, जे दिसतंय तेवढंच सांगा: अमक्या गावात 4:40 ला गारा सुरू, ढग पूर्वेला सरकतोय. हे चुकत नाही. बहुतेक गावांत पोलीस पाटील असतात. सीझन नसताना जाऊन भेटा, चहा प्या, नंबर घ्या. वादळात अनोळखी नंबरवरून आलेला फोन कुणी उचलत नाही. आणि गारेचा फोटो दहाच्या नाण्याशेजारी ठेवून काढा, नाणं 27 मिलिमीटरचं असतं, पंचनाम्याच्या वेळी आकाराबद्दल वाद होत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तांदूळ काढला. ताई, भेटायला जायचं मला सुचलंच नव्हतं. काल काटोलला जाऊन आलो. बागवाल्या काकांनी ओळखलं, त्यांनीच पोलीस पाटलांकडे नेलं. वहीत चार गावांचे सात नंबर झालेत. कळमेश्वरच्या बाजूचं कुणी इथे असेल तर व्यक्तिगत निरोप करा, तिकडची पानं अजून कोरी आहेत.