‘चालतो, पण चालत नाही’

कोथरूडकर:
ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे अपडेट, संपला. भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज 11 काही चढेना आणि ऐन दहावीत नवा घेऊन द्यायला ताई तयार नाही. म्हणून मी त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं. परवा विचारलं, “काय रे, तुझा तो गोळीबाराचा गेम चालतो का?” म्हणाला, “मामा, चालतो, पण चालत नाही.”

आधी वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. मग त्याने दाखवलं. गेम उघडतो, चित्रं झकास दिसतात, सरावाच्या मैदानात पळताही येतं. ऑनलाइन सामन्यात शिरलं की दोन मिनिटांत बाहेर. लबाडी पकडणारा जो प्रोग्राम गेमसोबत येतो, त्याला लिनक्सवाला खेळाडू मान्य नाही. म्हणजे पहिलं ‘चालणं’ पंख्याचं, घड्याळाचं. दुसरं ‘आमच्याकडे उपवासाला कांदा चालत नाही’ मधलं. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. आपण दोन्हीकडे एकच क्रियापद राबवतो. वेगळा शब्द हवा का?

शनिवारपेठी:
अजिबात नको. 8 नोव्हेंबर 2016 च्या मध्यरात्रीनंतर पाचशेच्या जुन्या नोटा ‘चालेनात’. नोट फाटकी नव्हती, खोटीही नव्हती. तेव्हा कुणाला शब्द अपुरा पडला? गेमचंही तेच. ‘एपेक्स लेजंड्स’ लिनक्सवर बरा चालत होता, 2024 च्या शेवटी कंपनीने तो तिथे बंद केला. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या लबाडी पकडणाऱ्या दोन्ही प्रोग्रामांनी 2021 पासून प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवतो तो) चालायची सोय ठेवली आहे, पण ती सुरू करायची की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात. तेव्हा यंत्राला नावं ठेवू नका. आणि तिसरा अर्थ विसरलात, पुण्यात सगळ्यात जास्त वापरला जाणारा: ‘चालेल.’ सेकंदाला चाळीसऐवजी पंचवीस फ्रेम मिळाल्या तरी चालेल!

मिसळपंथी:
मुद्दा जरा बाजूचा आहे, पण विचारतोच. भाच्याने एम्युलेटर टाकलाय का? त्याला मराठीत काय म्हणाल? ‘अनुकरणक’ वगैरे सुचवू नका, हात जोडतो.

कोथरूडकर:
टाकलाय तो प्रोटॉन. तो एम्युलेटर नव्हे, आणि खरी शब्दचर्चा इथेच आहे. प्रोटॉनच्या पोटात वाइन आहे. वाइनचं काम 1993 पासून चालू आहे आणि ‘वाइन एम्युलेटर नाही’ हे त्याच्या नावातच गुंफलेलं आहे. एम्युलेटर दुसऱ्या यंत्राचं सोंग घेतो. जुन्या व्हिडिओगेमच्या डब्याचा प्रोसेसरसुद्धा तो सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो, म्हणून त्याला कष्ट जास्त. त्याला मी ‘बहुरूपी’ म्हणेन. दारात पोलीस बनून येतो तो. वाइन सोंग घेत नाही. गेमच्या सूचना प्रोसेसर थेट पाळतो. गेम विंडोजकडे जे मागतो, खिडकी उघड, फाइल दे, आवाज काढ, तेवढं वाइन लिनक्सच्या भाषेत सांगतं. चित्रांचं बोलणं प्रोटॉनमधलाच डीएक्सव्हीके हा भाग सांभाळतो, विंडोजच्या डायरेक्ट थ्रीडीतून लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये. हा झाला ‘दुभाषी’. 1674 साली इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा इंग्रजांकडून नारायण शेणवी दुभाषाचं काम करत होता. तो काही साहेबाचा वेश करून बसला नव्हता.

शनिवारपेठी:
दुभाषी पसंत. बहुरूपीही. फक्त दुभाषा उशीर करतो, तो उशीर कुठे जातो?

कोथरूडकर:
बऱ्याच गेममध्ये जाणवत नाही. पहिल्यांदा खेळताना मात्र शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार होत असतात, तेव्हा चित्र थबकतं. भाचा त्याला सरसकट ‘लॅग’ म्हणतो. मी भांडलो. लॅग म्हणजे तिकडचा निरोप इकडे उशिरा पोचणं. हे तर ‘गचके’ आहेत, पीएमपीची बस कर्वे रस्त्यावर खाते तसे. पुढच्या वेळी तोच रस्ता सरळ लागतो, कारण तयार झालेले शेडर जपून ठेवलेले असतात. ‘गचके खातोय’ म्हटलं की निदान इंटरनेटवाल्याला उगाच फोन लावला जात नाही.

एरंडवणे_आजोबा:
आमच्या तरुणपणी यातलं काही नव्हतं, तरी एक शंका. हे लिनक्स ‘मोफत’ की ‘मुक्त’? नातू दोन्ही म्हणतो.

शनिवारपेठी:
काका, इथे मराठी श्रीमंत आहे. इंग्रजीत फुकट आणि स्वतंत्र दोघांनाही एकच शब्द, त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना 1980 च्या दशकापासून तेच समजावत बसावं लागलं. आपल्याकडे ‘मोफत’ म्हणजे पैसे नाहीत, ‘मुक्त’ म्हणजे बंधन नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ मुक्त आहे, पण फी भरावी लागते ना? लिनक्स मुक्त आहे आणि बहुतेक वेळा मोफतही. त्यावर खेळायचा गेम मात्र सहसा विकत घ्यायचा. गेम विकणाऱ्या स्टीमचं ॲप मोफत, पण मुक्त नाही. दोन्ही हवं असेल तर ‘सुपरटक्सकार्ट’ किंवा ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ खेळायला द्या नातवाला.

मिसळपंथी:
प्रोटॉनडीबी नावाच्या साइटवर लोक प्रोटॉनमधून कुठला गेम किती चालतो ते लिहितात. प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ, आणि तळाला ‘बोर्क्ड’. पहिल्या चारांना भाषांतर नकोच. शेवटच्याला ‘बोंबलला’. आवाजसुद्धा जुळतो.

शनिवारपेठी:
मंजूर. आणि जो गेम लिनक्ससाठीच बनवलेला असतो, त्याला ‘मूळचा’. आपण माणसांना विचारतो तसं: मूळचे कुठले? गंमत अशी की कधीकधी मूळच्यापेक्षा दुभाष्यामार्फत आलेलाच सुरळीत चालतो. बाहेरून आलेल्यांबद्दल हे पेठेत बोलायची सोय नाही.

एरंडवणे_आजोबा:
आणि ‘तो गेम’ की ‘ती गेम’? घरात सून ‘ती’ म्हणते, नातू ‘तो’.

कोथरूडकर:
आमच्याकडे ‘तो’. ताईच्या सासरी ‘ती’. भाचा माझ्यासमोर ‘तो’ म्हणतो, आजीसमोर ‘ती’.

ता. क. सराव परीक्षा संपेपर्यंत गेम काढून टाकलाय. यंत्रावर चालतो, ताईला चालत नाही.