हिरवा तुडतुडा दिसला की लगेच 'नेफोटेटिक्स व्हायरेसेन्स' म्हणायचं का?

पानकिडा:
भातावरच्या तुडतुड्याचा फोटो आला की दोन मिनिटांत खाली नाव पडतं: नेफोटेटिक्स व्हायरेसेन्स. अंग हिरवं, पंखाचं टोक काळं, झालं काम. मला हे पटत नाही. नराच्या पोटातले जननावयव तपासल्याशिवाय जातीचं (स्पीशीज) नाव लावू नये, आणि प्रजातीचंही (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) जपूनच लावावं.

जाणकारांचीही इथे गल्लत झालेली आहे. स्टॉल यांनी 1870 मध्ये निग्रोपिक्टस या व्हायरेसेन्ससारख्याच दिसणाऱ्या जातीचं वर्णन केलं ते थॅम्नोटेटिक्स या प्रजातीत. उलर यांनी 1896 मध्ये सिंक्टिसेप्स ही तिसरी जवळची जात सेलेनोसेफॅलस या प्रजातीत घातली. मात्सुमुरा यांनी 1902 मध्ये नेफोटेटिक्स ही प्रजाती उभी केली, तरी 1908 मध्ये डिस्टंट यांनी व्हायरेसेन्स पुन्हा सेलेनोसेफॅलसमध्येच ठेवली. पुढे 1960 च्या दशकातल्या टुंग्रो या भाताच्या विषाणूजन्य रोगावरच्या लेखनात व्हायरेसेन्स 'इम्पिक्टिसेप्स' या नावाने येतो आणि निग्रोपिक्टस 'एपिकॅलिस' म्हणून. घौरी यांनी मूळ नमुने तपासून 1971 मध्ये प्रजातीची फेरमांडणी केली, तेव्हा कुठे हा गुंता सुटला. नुसत्या रंगावर भागलं असतं तर एवढी वर्षं लागली नसती.

शेतबांध:
तुमचा इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष नाही. तो घोळ नावांचा होता. किडे वेगळे आहेत हे लोकांना दिसत होतंच, म्हणून तर दोन नावं चालू होती! निग्रोपिक्टसच्या डोक्यावर पुढच्या कडेलगत काळा पट्टा असतो, व्हायरेसेन्सला नसतो. हे साध्या भिंगातून दिसतं.

आणि नराचं पोट उघडायचं, तर जाळ्यात माद्या आणि पिल्लंच आली तेव्हा काय करायचं? टुंग्रोचे विषाणू पसरवण्यात व्हायरेसेन्स सगळ्यांत पुढे आहे. शेतात उभ्या माणसाला कोणता तुडतुडा वाढतोय ते आज कळायला हवं.

पानकिडा:
माद्यांचा मुद्दा मान्य. त्यांच्या पंखाचं टोक काळं नसून फिकट तपकिरी असतं, त्यामुळे फोटोवाले त्यांना ओळखतच नाहीत. पण पंखाच्या मधल्या काळ्या ठिपक्याचं काय? निग्रोपिक्टसमध्ये तो आतल्या शिवणीला टेकतो, व्हायरेसेन्समध्ये अलीकडेच थांबतो, असं आपण शिकवतो. प्रत्यक्षात काही नमुन्यांत तो पुसट असतो, काहींत नसतोच.

मी पोट वेगळं करून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतो. मांस विरघळतं, कवच उरतं. मग ग्लिसरीनच्या थेंबात सुईने हळूच आतला शिस्नभाग मोकळा करायचा. त्याच्यावरचे काटे किती आणि कुठे, हे प्रत्येक जातीत वेगळं. सुईच्या टोकाशी तो काटेरी दांडा फिरताना पाहिला की पंखावरच्या ठिपक्यावर विसंबावंसं वाटत नाही.

पेशीरेषा:
दोघेही जुन्याच वाटेवर आहात. एक पाय तोडा आणि मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातल्या) सीओआय जनुकाचा साधारण 650 डीएनए-अक्षरांचा तुकडा वाचा आणि आधीच्या नोंदींशी जुळवून जात ओळखा. नर, मादी, पिल्लू, काहीही चालतं. शेतबांध यांची अडचण तिथेच सुटते.

पानकिडा:
तो तुकडा फक्त आईकडून येतो. व्हायरेसेन्स आणि निग्रोपिक्टस यांचा प्रयोगशाळेत संकर झाल्याचं 1968 मध्येच प्रसिद्ध झालंय. संकरित किडा आला तर तुमचा तुकडा आईचं नाव सांगेल, बापाचा पत्ताच नाही. शिवाय ज्या नोंदीशी तुम्ही अक्षरं जुळवणार, तिचा मूळ किडा कोणी, कशावरून ओळखला होता?

पेशीरेषा:
हा प्रश्न रास्त आहे. चुकीच्या नावाने चढलेली नोंद पुढच्या प्रत्येकाला चुकवते. पण म्हणून पद्धत टाकून द्यायची नाही. पाय जनुकासाठी घ्या, पोट ग्लिसरीनमध्ये ठेवा, दोन्हींवर एकच क्रमांक घाला.

शेतबांध:
हे मला जमेल. मोजणी मी डोक्यावरच्या पट्ट्यावरच करत राहीन, ती सोडणार नाही. मात्र प्रत्येक खेपेचे थोडे नर अल्कोहोलमध्ये बाजूला ठेवीन. आणि फोटोखाली नाव लिहिणाऱ्यांना विनंती, मागच्या नडगीवर काट्यांच्या रांगा दिसतात का ते तरी आधी पाहा. परवा एकाने तपकिरी फुदक्याला तुडतुडा म्हटलं होतं, त्याच्या नडगीच्या टोकाला मोठी हलती आर स्पष्ट दिसत होती. कुलच (फॅमिली, प्रजातीहून मोठा गट) चुकलं तर प्रजातीवर वाद घालून काय उपयोग?