कोचला पैसे द्यायचे का आठ मालकांनी एकत्र बसायचं?

लेथवाला, वाळूज:
सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, दुसऱ्या कंपन्यांचं जॉबवर्क करतो. सध्या इकडं बिझनेस कोच लै झालेत, हॉटेलात दोन दिवसाचा सेमिनार, टाळ्या वाजवा, व्हिजन लिहा अन शेवटी वर्षाचं पॅकेज गळ्यात. त्यापेक्षा वेगवेगळ्या धंद्यातले आठ मालक महिन्याला एकदा बसून एकमेकाचे आकडे बघू असं डोक्यात चाललंय. अमेरिकेत मिलवॉकीला 1957 सालीच असा ग्रुप निघाला, त्यालाच आता व्हिस्टेज म्हणतात. कुणी केलंय का असं?

डाळमिल, लातूर:
आकडे दाखवणार कोण भाऊ? इथं सकाळी तोट्यात आहे म्हणलं की दुपारपर्यंत अडत्याच्या कानावर जातं अन संध्याकाळी तो रोख मागतो. मिलवॉकीचं मिलवॉकीतच राहू द्या.

लेथवाला, वाळूज:
म्हणून तर वेगवेगळे धंदे म्हणलं. गिऱ्हाईक कॉमन नको, पाहुणा तर अजिबात नको.

डाळमिल, लातूर:
मसिआ, सीएमआयए या उद्योजकांच्या संघटना आहेत की मग.

लेथवाला, वाळूज:
संघटना विजेच्या दरासाठी, रस्त्यासाठी भांडते, ते बरोबरच आहे. पण मशीनचा हप्ता झेपंना हे तिथं माईकवर सांगू का?

मसालेवाली, जालना:
मी आहे अशा ग्रुपात. सेल वाढंना म्हणून रडले तर मोल्डिंगवाले काका म्हणले आधी उधारीची यादी आण. आणली तर अर्धी उधारी एकाच डीलरकडं! पुढच्या बैठकीला पहिला प्रश्न, माल थांबवला का? नाही म्हणले तर सगळे नुसते बघत बसले माझ्याकडं. दुसऱ्या दिवशी थांबवला. कोच असता तर मोटिव्हेशन देऊन मोकळा झाला असता.

टॅक्सवाला, नांदेड:
उधारीला ग्रुप कशाला, 2006 चा एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांचा, कायदा आहे ना. लेखी करार नसेल तर 15 दिवसात पैसे, करार असला तरी 45 च्या वर नाही. अन 1 एप्रिल 2024 पासूनचा नियम असा, की ही मुदत चुकवून मार्च उलटला तर पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च इन्कम टॅक्समधे वजा मिळत नाही. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) करा, सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

लेथवाला, वाळूज:
तक्रार टाकली की पुढची ऑर्डर बंद, हे कोणत्या कलमात बसतं तेवढं सांगा सर.

मसालेवाली, जालना:
अन फी ठेवाच, फुकट असलं की लग्नसराईत एक माणूस येत नाही. चर्चा चालवायला पण कुणीतरी बाहेरचा लागतो, नाहीतर बोलका माणूस सगळा वेळ खातो.

डाळमिल, लातूर:
फी घेणारा बाहेरचा माणूस. म्हणजे कोचच की ताई!