मदत हवी आहे – वाफेचं इंजिन जहाजात बांधतात कसं?

नमस्कार मंडळी, आमच्या रेल्वेवेड्यांच्या छोट्या ग्रुपसाठी एक टॉक तयार करतोय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये. ‘मॅलार्ड’ या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाने 3 जुलै 1938 ला ताशी 126 मैल वेगाचा रेकॉर्ड केला, त्याच्या 75 वर्षांसाठी 2013 मध्ये यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमने उरलेली सहाही ए4 (म्हणजे मॅलार्डच्याच प्रकारची) इंजिनं एकत्र आणली. त्यातली दोन पार तिकडे होती, ‘ड्वाइट डी. आयझेनहॉवर’ अमेरिकेत ग्रीन बेला आणि ‘डोमिनियन ऑफ कॅनडा’ मॉन्ट्रियलजवळ. ही दोन्ही आधी रेल्वेने हॅलिफॅक्स बंदरात आणली, तिथून जहाजाने ऑक्टोबर 2012 मध्ये लिव्हरपूलला उतरवली, रंगरंगोटी केली आणि 2014 ला परत पाठवली. पाहुणी म्हणून आलेली ना, ठेवून कशी घेणार!

आता प्रश्न. टेंडर (कोळसा-पाण्याचा मागचा डबा) सोडून नुसतं इंजिनच शंभरावर टन, तेही चाकांवर, आणि अटलांटिकमध्ये जहाज हेलकावे खाणारच. मग ट्रेलरसकट डेकला साखळदंडांनी जखडतात का? साखळ्या फ्रेमला लावतात की चाकांना? स्प्रिंगा दबून इंजिन डुलू नये म्हणून मध्ये लाकडी ठोकळे घालतात का? आणि टेंडर वेगळा ट्रेलर घेतो ना?

इथे कोणी मर्चंट नेव्हीत रो-रो जहाजांवर (ज्यांत वाहनं चाकांवरच आत चढवतात) किंवा न्हावा शेव्याला हेवी कार्गोत असेल तर प्लीज जरा डिटेलमध्ये सांगा, लॅशिंगचा (म्हणजे जखडण्याचा) एखादा फोटो असला तर फारच उत्तम. गुगल करा म्हणू नका, ते करून झालंय, सगळीकडे इंजिनाचेच फोटो, साखळ्यांचे कोणी काढतच नाही 😅