सॉफ्टनर वेगळ्या पाण्यातच का द्यावे लागते?
टॉवेल धुताना डिटर्जंट आणि सॉफ्टनर एकाच पाण्यात घातले तर काय बिघडते, हा येथील प्रश्न आहे. त्याचे उत्तर सरफॅक्टंटच्या (एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढले जाणाऱ्या रेणूंच्या; डिटर्जंट आणि सॉफ्टनर दोन्हींत ते असतात) वर्गीकरणातच आहे, कारण हे वर्गीकरण मुख्यतः रेणूच्या जलस्नेही डोक्यावर, म्हणजे पाण्याकडे ओढल्या जाणाऱ्या टोकावर, कोणता विद्युतभार आहे यावरून केले जाते. साबण आणि डिटर्जंटमधील एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट) ऋणभारित असतात, तर कापडाची बहुतेक सॉफ्टनर धनभारित असतात. दोन्ही एकत्र आली की त्यांची जोडी जमून चिकट साका तयार होतो आणि दोन्ही वाया जातात. म्हणूनच सोलापुरी टॉवेलला सॉफ्टनर शेवटच्या स्वच्छ पाण्यात देणे योग्य. ओल्या सुती धाग्यावर सौम्य ऋणभार असल्याने ते तेथे आपोआप बसते. (प्रमाण जास्त झाले, तर टॉवेल हाताला मऊ लागतो, पण अंग पुसताना पाणी टिपत नाही.)

सरफॅक्टंटच्या तिसऱ्या, भाररहित प्रकाराला जड पाण्यातील कॅल्शियम फारसे बाधत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला तो साबणापेक्षा बरा. मात्र तो इथॉक्सिलेट (इथिलीन ऑक्साइडपासून बनवलेला भाररहित सरफॅक्टंट) असल्यास ठरावीक तापमानाच्या वर द्रावण गढूळ होते, हे पाहूनच निवड करावी. उभयधर्मी प्रकार (धन आणि ऋण दोन्ही भार धरू शकणारा), उदाहरणार्थ शाम्पूतील बिटेन, येथे गौण आहे. भाररहितांची आपसांत तुलना करायची असल्यास रसायनतज्ज्ञ ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये मांडलेला एचएलबी अंक (रेणूचा पाण्याकडे आणि तेलाकडे असलेल्या ओढ्याचा समतोल दाखवणारा आकडा) अधिक उपयोगी पडतो.